प्रश्नपेटी : पैसे न मोजता मिळणारी प्रसिद्धी

नव्या व्यवसायाच्या प्रसिद्धीविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. बहुतेक पत्रलेखकांकडे जाहिरातीसाठी पैसे नाहीत, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उत्तरे देणाऱ्याची अकरा वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादकाच्या खुर्चीवर गेली असल्यामुळे, काही ठिकाणी टेबलाच्या पलीकडची कैफियतही उमटली आहे; ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

प्रश्न : आम्ही दोघा भावांनी जानेवारीत विट्याजवळच्या आमच्या गावी लाकडी घाण्यावर शेंगदाणा आणि करडईचे तेल काढण्याचा व्यवसाय सुरू केला. उद्घाटनाची प्रेसनोट तीन दैनिकांना पाठवली, पुढे आणखी दोनदा पाठवली, पण कोठेही एक ओळसुद्धा आली नाही. एका कार्यालयाच्या जाहिरात विभागाचा फोन मात्र आला. पैसे मोजल्याशिवाय बातमी येतच नाही, असे समजायचे का?
— एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : तसे समजू नये, कारण आपण पत्रासोबत जोडलेली प्रेसनोट मी वाचली आहे आणि ती माझ्या टेबलावर आली असती तर मीही बाजूला ठेवली असती. तिची सुरुवात ‘जिल्ह्याच्या औद्योगिक क्षितिजावर एका नव्या ताऱ्याचा उदय’ अशी आहे, त्यानंतर चौदा मान्यवरांची नावे त्यांच्या पदांसह आली आहेत, आणि घाणा हा शब्द प्रथम अकराव्या ओळीत भेटतो. शिवाय हा सगळा मजकूर लेटरहेडवर छापून त्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवला आहे. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत उपसंपादकापुढे अशा तीस-चाळीस प्रेसनोटा असतात; फोटोतला मजकूर पुन्हा टाइप करत बसण्याची त्याला फुरसत नसते, आणि फीत कापणाऱ्या चौदा जणांत त्याच्या वाचकाला काही घेण्यासारखे दिसत नाही. आपली बातमी नाकारली गेली, असेही नाही; ती बहुधा कोणी पूर्ण वाचलीच नाही.

वास्तविक आपल्याकडे बातमी आहे, पण ती आपण प्रेसनोटेत न लिहिता मला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ओझरती लिहिली आहे. आसपासचे शेतकरी घरचे दाणे घेऊन येतात, समोर बसून तेल काढून घेतात आणि पेंडही परत नेतात, असे ते वाक्य आहे. सुरुवात येथून केली, तर मजकूर साधारण असा होईल :

‘विटा : घरचे शेंगदाणे घेऊन यावेत, डोळ्यांसमोर तेल काढून घ्यावे आणि पेंडही जनावरांसाठी परत न्यावी, अशी सोय अमुक गावात दोघा भावांनी सुरू केली आहे. लाकडी घाण्यावर अडीच ते तीन किलो दाण्यांपासून सुमारे एक किलो तेल मिळते. दाणे निवडून व वाळवून आणावे लागतात. तेल काढून देण्याचा दर किलोमागे अमुक रुपये असून घाणा सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत सुरू असतो.’

यात एकही विशेषण नाही, आणि तरीही शेंगा पिकवणारा वाचक हा मजकूर शेवटपर्यंत वाचेल. ‘अडीच-तीन किलो दाणे, एक किलो तेल’ हा हिशेब कळला की घाण्याचे तेल महाग का, याचे उत्तर ग्राहकाला आपोआप मिळते. ते आपण जाहिरातीत सांगितले असते, तर त्याने विश्वास ठेवला असता की नाही कोण जाणे. हा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून थेट ई-मेलमध्ये लिहावा, दीडशे-दोनशे शब्दांपुढे जाऊ देऊ नये आणि शेवटी ज्या क्रमांकावर खरोखर फोन उचलला जातो तो द्यावा. छायाचित्र एकच पाठवावे, आणि ते फीत कापण्याचे नसावे. घाण्यातून धार पडते आहे आणि शेजारी शेतकरी आपले पोते घेऊन बसला आहे, एवढे पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर छपाईत ते धुरकट दिसते. आणि छायाचित्रात कोण आहे हे ‘डावीकडून’ असे लिहून कळवावे.

वार साधणे हीदेखील एक खुबी आहे. राज्य शासनाची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवारी आणि रविवारीही बंद असतात, त्यामुळे रविवारी जिल्ह्याच्या बातम्यांचा ओघ आटतो आणि सोमवारच्या अंकाची पाने भरताना बऱ्या मजकुराची चणचण भासते. आपला मजकूर रविवारी सकाळी पोहोचला, तर त्याच मजकुराला गुरुवारपेक्षा अधिक जागा मिळण्याची शक्यता असते. माझ्या स्वतःच्या हातून रविवारी संध्याकाळी कितीतरी सामान्य बातम्या तीन कॉलमात गेल्या आहेत.

जाहिरात विभागाच्या फोनविषयी. संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग ही वेगळी दालने आहेत, निदान असायला हवीत. पैसे घेऊन छापलेला मजकूर जाहिरात म्हणून ओळखता आला पाहिजे, असा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे. तेव्हा पैसे देऊन ‘बातमी’ लावण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर तो स्वीकारू नये. तालुक्याच्या बातमीदाराची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे मानधन तुटपुंजे असते आणि पुष्कळ ठिकाणी वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकलेली असते. तो जाहिरात मागेल तेव्हा परिस्थिती सांगून नम्रपणे नकार द्यावा, पण त्याला घाणा पाहायला अवश्य बोलवावे. मेल पाठवण्यापेक्षा हा मार्ग अधिक वेळा फळतो.

आता एक इशारा. आपल्या पत्रकात हे तेल ‘मधुमेह व हृदयविकारापासून कायमची मुक्ती’ देते असे वाक्य आहे, ते आजच्या आज काढून टाकावे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या कक्षेत येते, आणि अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवरही निर्बंध आहेत, त्यामुळे पिंपातून किटलीत तेल ओतून देतानाचा फोटो हौसेने छापून आणू नये. प्रसिद्धी झाली की ती ग्राहकाप्रमाणे निरीक्षकही वाचतो.

प्रश्न : माझे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे. काम चांगले आहे, पण दुकान नवे असल्याने लोकांना माहीत नाही. जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्यात बातमी होण्यासारखे काहीच नाही. अशा व्यवसायाने काय करावे?
— एक वाचक, ता. मिरज

उत्तर : दुकानात बातमी नसेल, पण आपल्या समोर रोज येणाऱ्या जळक्या मोटारींत ती नक्कीच आहे. मोटारी का जळतात, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस दर उन्हाळ्यात वृत्तपत्रांना आणि आकाशवाणीला हवा असतो, आणि तो सहसा सापडत नाही.

आपण गेल्या आठ महिन्यांत रिवाइंड केलेल्या मोटारींची वही ठेवली असल्याचे पत्रात लिहिले आहे. ती वही हीच आपली पुंजी समजावी. किती मोटारी विजेच्या कमी दाबाने जळाल्या, किती एक फेज गेल्याने, किती विहिरीचे पाणी खाली गेल्यावर कोरड्या चालल्याने आणि किती दोन फेजवर कंडेन्सर लावून चालवल्याने, याची वर्गवारी करावी. दाब उतरला की मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापते. वीज येताच ऑटोस्विचमुळे एका डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दाब आणखी कोसळतो. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते, पण ते परिपत्रकाच्या भाषेत असते. तेच जर एका कारागिराने ‘माझ्याकडे अमुक महिन्यांत इतक्या मोटारी आल्या, त्यांतल्या इतक्या या एका कारणाने जळाल्या होत्या’ असे सांगितले, तर शेतकरी कान देऊन ऐकतो. असे टिपण मार्चच्या सुरुवातीला कृषी पुरवणीकडे पाठवावे आणि त्याची एक प्रत आकाशवाणीच्या सांगली केंद्राच्या शेतीविषयक कार्यक्रमाकडे द्यावी. आकाशवाणीवर बोलताना दुकानाचा प्रचार करता येणार नाही, हे ध्यानात असू द्यावे. परंतु निवेदक आपले नाव आणि गाव सांगतो, आणि मिरज तालुक्यात तेवढे पत्त्यादाखल पुरते.

सामुदायिक रेडिओचाही विचार करावा. केंद्र सरकारने २००६ मध्ये आखलेल्या धोरणानुसार या केंद्रांनी किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार करायचे असतात, म्हणजे जाणकार स्थानिक माणसाची त्यांना सततची गरज असते. माण तालुक्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे आपल्या बाजूचे जुने उदाहरण. आपल्या गावात ज्या केंद्राचे प्रसारण ऐकू येते, तेथे जाऊन भेटावे.

ही कल्पना मी शोधलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत नांगर, उसाचे चरक आणि पंप तयार करणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. त्यामागे मालाची प्रसिद्धी हा हेतू होताच. पण शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचकाला स्वतःसाठी वाचावेसे वाटेल असा मजकूर द्यायला सुरुवात केली, आणि ते पत्र पुढे मराठी घरांघरांत वाचले जाणारे मासिक झाले. त्यांनी त्यासाठी पदरचे पैसे घातले, आपल्याला ते करावे लागणार नाही. एक पानभर टिपण मात्र स्वतःच्या शब्दांत लिहावे लागेल. भाषा सुधारण्याच्या भानगडीत पडू नये. ‘मोटर घोंगावते पण उचलत नाही’ हे शब्द ‘यंत्रातील बिघाडाची लक्षणे’ यापेक्षा कितीतरी नेमके आहेत.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चप्पल तयार होते. मी दोन वर्षांपूर्वी ती ऑनलाइन विकायला सुरुवात केली. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या प्रकरणामुळे कोल्हापुरी जगभर गाजली, पण आमच्याकडे एकही पत्रकार फिरकला नाही. ती संधी गेली का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती लाट गेली. मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणे दिसली, आपल्याकडे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने कंपनीला पत्र लिहिले आणि ही रचना भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरित असल्याचे कंपनीने काही दिवसांतच मान्य केले. एवढ्या कमी दिवसांत मुंबई-दिल्लीच्या वार्ताहराला कोल्हापुरात असा माणूस हवा असतो, जो फोन उचलेल, नेमके बोलेल आणि तासाभरात चांगली छायाचित्रे पाठवेल. जो आधी सापडतो त्याचेच नाव सगळीकडे फिरते, कारण दुसरा वार्ताहर पहिल्याची बातमी वाचूनच त्याचा क्रमांक शोधतो. यात न्याय नाही, पण काम असेच चालते.

म्हणून पुढच्या वेळेसाठी तयारी आजच करून ठेवावी. मराठी आणि इंग्रजीत प्रत्येकी एक पान असू द्यावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे; कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते; खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवण घातली जाते; एका जोडाला आपल्या घरात किती हात लागतात आणि किती दिवस जातात. ही माहिती त्या पानावर असावी. आपल्या आजींचा पत्रात आलेला उल्लेख मला फार मोलाचा वाटला. त्या अजूनही चपलेची वेणी घालत असतील, तर त्यांच्या हातांचे जवळून घेतलेले छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून ठेवावे. मानांकनाची नक्कल, स्वस्त रेक्झिनची ‘कोल्हापुरी’, पावसाळ्यात चपलेची निगा या विषयांवर दरवर्षी काही ना काही छापून येतेच. ज्या वार्ताहराचे नाव त्यावर असेल, त्याला ते पान त्याच दिवशी पाठवावे. सोबत ‘आमच्यावर लिहा’ अशी विनंती करू नये. ‘या विषयावर पुन्हा काही लागले तर विचारा’ एवढेच लिहावे.

प्रश्न : मी घरी कोकम आगळ आणि फणसपोळी तयार करते. इन्स्टाग्रामवरील काही जण फुकट माल मागतात आणि त्याबदल्यात व्हिडिओ करू असे सांगतात. द्यावा का? आणि गुगलवर नातेवाइकांकडून चांगले अभिप्राय लिहून घेतले तर चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चालणार नाही. गुगल बिझनेस प्रोफाइल विनामूल्य आहे आणि ते आपण अवश्य उघडावे, परंतु हितसंबंध असलेल्यांचे अभिप्राय आणि सवलतीच्या मोबदल्यात मिळवलेले अभिप्राय हे दोन्ही गुगलच्या नियमांत बसत नाहीत. सापडले तर ते काढले जातात. शिवाय एकाच आठवड्यात एकाच आडनावाचे आठ अभिप्राय पाहून ग्राहकही समजायचे ते समजतो. माल पोहोचल्यावर चार दिवसांनी खऱ्या ग्राहकाला अभिप्रायाची विनंती करावी, मग तो चार ओळी लिहो की एक.

फुकट मालाचे म्हणाल, तर ज्याचे प्रेक्षक खरोखर कोकणी पदार्थ विकत घेणारे आहेत अशा एखाद्याला एक पाकीट देण्यास हरकत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या सूचनांनुसार, पैसे घेतले नसले तरी माल फुकट मिळालेला असेल, तर तसे व्हिडिओत स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. ‘हे मला भेट मिळाले आहे’ असे म्हणायला जो कचरतो, त्याला फणसपोळी देऊ नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये उत्पादकालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि घरगुती व्यवसायाला तो झेपणारा नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने नुकताच दवाखाना सुरू केला आहे. त्याच्यावर वृत्तपत्रात लेख यावा यासाठी काय करावे?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार व्यवसाय सुरू केल्याचे, पत्ता बदलल्याचे किंवा काही काळ बंद ठेवून पुन्हा सुरू केल्याचे निवेदन वृत्तपत्रात देता येते. तेवढे द्यावे आणि थांबावे.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या नाचणीच्या बिस्किटांवर एका दैनिकात छान बातमी आली आणि दोन दिवसांत तीनशेहून अधिक फोन आले. आमची क्षमता दिवसाला चाळीस पाकिटांची आहे. आता लोक रागावून बोलतात. काही जणींचे म्हणणे आहे की बाहेरून बिस्किटे आणून आपल्या पिशवीत भरावीत. आम्ही काय करावे?
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : बाहेरचा माल आपल्या पिशवीत भरू नये, हे सर्वप्रथम. बातमी बिस्किटांची नव्हती, ती आपल्या गटातील बायका स्वतः दळून-भाजून बिस्किटे तयार करतात याची होती, आणि हे खोटे ठरले, तर ज्या बातमीदाराने बातमी दिली तोच दुसरी बातमीही देईल. दरही या पंधरवड्यात वाढवू नये.

आलेल्या फोनची यादी कागदावर उतरवावी : नाव, गाव, किती पाकिटे, कधी फोन आला. गटातील एकीकडे फक्त हेच काम द्यावे, आणि ती तव्यापाशी किंवा भट्टीपाशी असू नये. प्रत्येकाला परत फोन करून तारीख सांगावी. दिवसाला चाळीस या हिशेबाने शेवटच्या ग्राहकाला, प्रत्येकी एकच पाकीट धरले तरी, आठ दिवस थांबावे लागेल. म्हणून प्रत्येकी दोन पाकिटांची मर्यादा घालावी आणि सोळा दिवसांची तारीख द्यावी, म्हणजे शब्द मोडणार नाही. तारीख मिळाली की राग बहुतेकांचा ओसरतो. जे तरीही रागावतील, त्यांची नावे यादीतून कमी करावीत.

यादीत पुण्याचे आणि मुंबईचे फोन किती, ते वेगळे मोजावे. एकाच भागातून पंधरा-वीस नावे निघाली, तर त्या भागातील एका दुकानदाराला ही यादी दाखवून माल ठेवण्याविषयी विचारता येईल, आणि प्रत्येकाला कुरिअरने वेगळे पाकीट पाठवण्याचा खर्च वाचेल. आणि ज्या बातमीदाराने लिहिले त्याला, तीनशे फोन आले व गटाने आणखी कोणाला कामाला घेतले का, हे महिनाभराने कळवावे. पाठपुराव्याच्या बातमीसाठी त्याला नेमके असेच काही हवे असते. दुसरी भट्टी मात्र तोपर्यंत बसलेली असावी.